माझं पुटपुटणं आणि तुमचा डच शब्द

अहो, काल शेजारची मिश्रीण गच्चीवरून विचारत होती, "भाभी जी, आजकल आपके यहाँ से आवाज़ ही नहीं आती." तिला वाटलं, तुम्ही गेलात म्हणून घर गप्प झालं. मीही नुसती मान हलवली. पण तुम्हाला ठाऊक आहे, या घरात तुमचा आवाज होताच किती! ऑफिसातून आलात की चहा, मग ते जाडजूड पुस्तक, आणि पुस्तकातून मान वर काढलीच तर एखादा शब्द. आवाज होता तो माझा. कणीक मळताना, तांदूळ निवडताना, दिवे गेले की मेणबत्ती शोधताना ओठांतल्या ओठांत चाललेलं माझं स्तोत्र. ते बंद पडलंय. तुम्ही गेलात त्या दुपारपासून पहिली ओळ म्हणते आणि अडते, पुढचं येतच नाही.

म्हणून हे लिहायला बसले. तेरावा झाला, पाहुणे पांगले, अण्णा भावजींनाही काल सकाळी अभयने स्टेशनवर सोडलं. आता घरात तो आणि मी. मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या दुपारी दवाखान्यात मी तुमच्या उशाशी बसून पुटपुटत होते, ते तुम्हाला नको होतं का? हो की नाही, एवढंच सांगा. एरवी प्रत्येक गोष्टीत तुमचं मत ठरलेलं असायचं, आणि नेमकं हेच कसं हो अर्धवट ठेवून गेलात?

भांडण जुनं आहे आपलं. लखनौला बदली झाली त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुरू झालेलं. लूचे गरम झोत सुटले होते, कूलरमधलं वाळ्याचं खस कुजून त्याला वास यायला लागला होता, आणि मी तुम्हाला नवं खस आणायला अमीनाबादच्या बाजारात पिटाळलं. संध्याकाळी रिक्षातून उतरलात तर हातात खस नाही, पुठ्ठा उडालेलं एक इंग्रजी पुस्तक. कुठला शब्द कुठल्या देशातून आला ते सांगणारं. "अगं, फुटपाथवर रद्दीत पडलं होतं," म्हणालात, जसं काही एखादं अनाथ पोर उचलून आणलंत. मी म्हटलं, "वा! आता हेच भिजवून कूलरला लावा." तुम्ही खरोखर विचारात पडलात, की कागद किती पाणी धरेल. रेल्वेच्या पुलांचा इंजिनियर नवरा केला की असं होतं.

त्याच पुस्तकात तुम्हाला तो शब्द सापडला. मी पोळ्या लाटत होते आणि माझं स्तोत्र चाललं होतं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. "सुमन, ऐक, तुझा शब्द सापडला. लॉलर्ड." मग उभ्या उभ्या सगळी कथा सांगितलीत. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात काही माणसं म्हणायला लागली, देवाचं पुस्तक लॅटिनमध्ये कशाला, आमच्या बोलीत द्या, आम्हालाही कळू द्या. धर्माच्या गादीवर बसलेल्यांचं पित्त खवळलं. त्यांनी या माणसांना नाव ठेवलं लॉलर्ड. शब्द त्यांच्या घरचाही नाही, समुद्रापलीकडच्या डच लोकांकडून उचललेला. डच भाषेत त्याचा अर्थ, ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटणारा. पुटपुट्या.

"म्हणजे मला शिवी देताय?" मी लाटणं आपटून विचारलं.

"शिवीच होती ती. पण धर्मातली आहे, चालेल तुला."

तेव्हापासून मी लॉलर्डबाई झाले. 'लॉलर्डबाई, चहा मिळेल का?' 'लॉलर्डबाईंचं आटोपलं असेल तर कपूरथला बाजारातून सब्जी आणायची का?' अभय लहान होता, तोही म्हणायला लागला तेव्हा मी तुम्हाला दोघांनाही उपाशी ठेवायची धमकी दिली. पण मला त्यात एक गोष्ट खटकली होती आणि ती मी तुम्हाला विचारलीही. म्हटलं, ती माणसं तर कळणाऱ्या भाषेत वाचा म्हणत होती ना? मग पुटपुटे कोण? न कळणारं लॅटिन घोकणारे, की हे बिचारे? तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात. "प्रश्न बरोबर आहे," म्हणालात. "नाव ठेवायचं काम नेहमी वरचढाकडे असतं, सुमन. ते खरं असायची गरज नसते." तुमच्या तोंडून 'बरोबर आहे' ऐकायला मिळणं म्हणजे दुर्मिळच, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलंय.

तुम्ही मात्र मनानं त्या इंग्लंडातल्या लोकांच्या बाजूचे. जे बोलायचं ते कळणाऱ्या भाषेत बोला. एकदा मला थांबवून विचारलंत, "ही जी चौथी ओळ म्हणतेस, तिचा अर्थ काय?" मला सांगता येईना. आईनं शिकवली तेव्हा मी विचारला नव्हता, आणि आईनंही आजीला विचारला नसणार. "मग देवाला तू काय सांगतेस हे तुला तरी ठाऊक आहे का?" मी म्हटलं, त्याला ठाऊक आहे, पुरे. तुम्ही हसलात. "असं आम्ही पुलाच्या बाबतीत केलं तर गाडी नदीत जाईल." म्हटलं, तुमचा पूल तुमच्यापाशी. माझी गाडी इतकी वर्षं पडली नाही.

आणि खरंच पडली नव्हती हो. अभयचा टायफॉइड, तुमची गोंडा गावाकडच्या लाइनवरची ती ड्यूटी, पुराच्या पाण्यात तुम्ही कुठं आहात याचा पत्ता नाही, फोन लागत नाही. तेव्हा मी काय केलं असतं अर्थ घेऊन? अर्थ कळला असता तर भीतीच कळली असती. ते शब्द नुसते तोंडात फिरत राहायचे आणि मी भाजी चिरू शकायचे. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. भांडताना सुचत नाही, आणि भांडण नसताना कोण असलं काही बोलतं!

मग साताऱ्याला मामंजी वारले. तिथं तुम्ही जे पाहिलंत त्यानं तुमचं मत पक्कं झालं. विधीला आलेल्या गुरुजींना पुढं दुसरीकडं जायचं होतं. ते मंत्र म्हणत होते की गाडीचं टाइमटेबल, कळायला मार्ग नव्हता. सारखं मनगटावरच्या घड्याळाकडं लक्ष. तुम्ही डोळे लाल करून बसला होतात. मला वाटलं रडताय. परतीच्या गाडीत, झाशी गेल्यावर, एकदम म्हणालात, "माझ्या वेळी हे चालणार नाही. माझ्या डोक्याशी बसून कुणी न कळणारं पुटपुटायचं नाही. जे काय असेल ते मला कळेल असं, स्पष्ट बोला."

"तुम्ही असाल का ऐकायला?"

"तू असशील ना. तूच लक्ष ठेवायचं."

मला राग आला होता. गुरुजींची घाई आणि माझं पुटपुटणं तुम्ही एकाच तागडीत टाकलंत म्हणून. लखनौ येईपर्यंत मी बोलले नाही, आणि तुम्हीही विचारलं नाही का बोलत नाही म्हणून. पुढं तो विषय निघाला की तुम्ही तेच म्हणायचात आणि मी तेच. ठरलेल्या जागी यायचं आणि ठरलेल्या जागी थांबायचं.

पण मिश्राजींची अम्मा गेली त्या थंडीतलं मी विसरलेले नाही. धुकं इतकं, की समोरचं कडुनिंबाचं झाड दिसत नव्हतं. अम्मांना सकाळपासून घरघर लागली होती, घरातले पुरुष डॉक्टर आणायला, सुना घाबरून दाराशी. कुणी जवळ जाईना. मी गेले आणि त्यांचा हात धरून बसले. मला त्यांच्याकडचं काही येत नाही, म्हणून माझंच म्हणत राहिले, हळू. दुपार कधी झाली कळलं नाही. अम्मा गेल्यावर मान वर केली तर दारात तुम्ही. मला घरी बोलवायला आला होतात आणि कधीचे तसेच उभे होतात. घरी येऊन स्वतः चहा ठेवलात, त्यात साखर टाकायला विसरलात, आणि म्हणालात, "त्या शब्दाचं अर्धंच सांगितलं होतं तुला."

मग उरलेलं सांगितलंत. इंग्लंडात शिवी व्हायच्या आधी डच मुलखात तो शब्द कुणासाठी होता ते. साथीत माणसं पटापट मरायची, प्रेताला हात लावायला नातेवाईक धजायचे नाहीत. तेव्हा काही साधी माणसं एकत्र राहायची, ती आजाऱ्यांच्या उशाशी बसायची, मेलेल्यांना उचलून न्यायची, पुरायची. आणि नेताना खालच्या आवाजात काहीतरी म्हणत जायची. त्या गुणगुणण्यावरून त्यांना लोक तसं म्हणायचे. तुम्ही हे सगळं कपाकडं बघत सांगितलंत.

"म्हणजे माझ्यावरची शिवी मागे घेतली?" मी विचारलं.

"माघार नाही. माहिती दिली," म्हणालात, आणि बिनसाखरेचा चहा पिऊन टाकलात.

इतकी वर्षं संसार करून मला एवढं कळतं, की तुमचं माहिती देणं म्हणजे दुसऱ्या कुणाचं माफी मागणं. पण पुढं कधी तुम्ही साताऱ्याचा शब्द परत घेतलाही नाहीत. 'डोक्याशी पुटपुटायचं नाही' हे तसंच राहिलं. दोन्ही तुम्हीच बोललेलं. मी कुठलं धरायचं?

होळी होऊन गेल्यावर तुमची छाती भरली. दवाखान्यात नेलं तेव्हा वाटलं, आठवड्यात घरी येऊ. त्या दुपारी अभय औषध आणायला खाली गेला होता. नर्स मास्क नीट करून गेली. ऑक्सिजनचा सूं सूं आवाज, आणि त्यात तुमचा श्वास अडकत अडकत चाललेला. तुमची छाती वर यायची आणि तिथंच थांबायची, मग माझीही थांबायची. मी ठरवलं होतं काही म्हणायचं नाही. तुमचा शब्द पाळायचा. स्पष्ट, कळेल असं बोलायचं. पण काय बोलायचं होतं हो? 'घाबरू नका' म्हणू? घाबरले होते मी. 'बरे व्हाल' म्हणू? तुम्हाला खोटं चटकन कळायचं. मराठीत एक वाक्य सुचेना. आणि माझ्या नकळत ते सुरू झालं. पहिली ओळ, दुसरी, आईच्या चालीत.

तुम्ही डोळे उघडलेत. सलाईनचा हात उचललात, किती जड झाला होता तो, आणि माझ्या ओठांवर बोटं ठेवलीत.

मी थांबले. चौथ्या ओळीच्याही आधी थांबले.

तुम्ही हात काढला नाहीत. माझ्याकडं बघत होतात. मग डोळे मिटले, बोटं तशीच राहिली थोडा वेळ, आणि हात आपल्या वजनानं खाली आला. मी तो धरून बसले, तोंड मिटून. अभय औषध घेऊन वर आला तेव्हा सगळं संपलं होतं.

आता मला सांगा. थांबवायचं असतं तर मी थांबल्यावर हात काढून घेतला असतात ना? थांबवायला एवढा वेळ लागतो? की त्या मास्कच्या आवाजात माझं तुम्हाला ऐकूच येत नव्हतं, म्हणून बोटांनी ऐकायला आला होतात, आणि मी वेडीनं तेवढ्यातच तोंड बंद केलं? मी रोज एकदा असं ठरवते आणि एकदा तसं. पहिलं खरं असेल तर तुमच्या शेवटच्या घटकेला मी तुम्हाला नको ते ऐकवलं. दुसरं खरं असेल तर हवं ते मागितलंत आणि मी दिलं नाही. दोन्हीतलं कुठलंही धरलं तरी मला झोप नाही. आणि तुमच्यावर राग येतो, फार राग येतो. अख्खा जन्म शब्दांची मुळं शोधत बसलात आणि निघताना माझ्यासाठी एकही शब्द सोडला नाहीत, नुसता हात!

विधी झाले, तेही सांगते. अण्णा भावजी आले आणि आल्या आल्या म्हणाले, सगळं रीतसर व्हायला हवं. अभय उभा राहिला. "काका, बाबा को ये सब पसंद नहीं था." दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, होऊ द्या. तुम्ही डोक्याशी नको म्हणाला होतात, नदीकाठी नको असं काही म्हणाला नव्हतात. असली पळवाट तुमच्याकडूनच शिकले. खरं कारण वेगळं होतं. माझ्या तोंडून काही निघत नव्हतं, तर दुसऱ्या कुणाच्या तरी निघू दे, असं वाटलं मला.

दहाव्याला गोमतीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. इथले पंडितजी म्हणाले, "अरे साहब, नहीं आया तो नहीं आया, आगे बढ़िए." पण भावजी साताऱ्याचे. ते हटून बसले. स्वतः हात जोडून म्हणाले, वहिनींची काळजी करू नकोस. मग अभयला पुढं केलं, मराठीत बोल म्हणाले, त्याला कळलं पाहिजे. आपलं पोर, ज्याला मराठी सगळी कळते पण बोलायची वेळ आली की हिंदी, ते तिथं चारचौघांत म्हणालं, "बाबा, मी आईला बघतो. मी... मैं हूँ ना, बाबा." तरी कावळा नाही. तेव्हा भावजींनी अभयला स्कूटरवर घरी पाठवलं, मला विचारायला. दारातूनच, हेल्मेट न काढता विचारतोय, "आई, काका पूछ रहे हैं, बाबा की कोई इच्छा रह गई थी क्या?"

मी काय सांगणार होते? म्हटलं, "सांग त्यांना, कावळे लखनौचे आहेत, त्यांना साताऱ्याची घाई नाही." अभय हसला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. इच्छा राहिली होती की नाही हे जगात फक्त मला ठाऊक असायला हवं होतं, आणि मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि परत आले.

काल संध्याकाळी अभय अमौसीहून लवकर आला. एअरपोर्टवर नवी ड्यूटी लागली आहे, साहेबांनी सांभाळून घेतलं म्हणाला. जेवताना ताटात बघत म्हणाला, "आई, तुम वो पढ़ती नहीं हो आजकल? जो किचन में पढ़ती थीं."

मी त्याला सगळं सांगितलं. हाताचंही. वाटलं, इंजिनियरचा मुलगा आहे, काहीतरी निकाल देईल. तो म्हणाला, "मुझे नहीं पता, आई. मैं तो नीचे था." आणि ताट बाजूला सरकवत, "मैं होता तो भी नहीं पता चलता. तुम दोनों का आपस का था."

बरोबर बोलला. तुमच्यासारखाच, माहिती देऊन मोकळा झाला. पण त्या वाक्यानं माझ्या मनातलं काहीतरी जागेवर बसलं. कुणी येऊन सांगणार नाही मला, गुरुजी नाही, भावजी नाही, कावळा नाही, तुमचं ते पुस्तकही नाही. आपलं आपसातलं होतं, ते आपल्यातच राहणार. तुमची बाजू तुम्ही मांडलीत, हातानं का होईना. आता माझी पाळी.

तुम्ही मला अर्थ विचारायचात ना? चौथ्या ओळीचा अर्थ मला अजून येत नाही. पण कुणासाठी म्हणायची ते आता येतं. उद्या सकाळी कणीक मळायला घेईन तेव्हा मी सुरू करणार आहे. मोठ्यानं नाही, स्पष्टही नाही, माझ्या पद्धतीनं, ओठांतल्या ओठांत, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तुम्हाला हवं असेल तर ऐका. नको असेल तर या, ठेवा हात माझ्या तोंडावर. पण आधीच सांगून ठेवते, या वेळी मी थांबणार नाही.